जनावरांच्या दवाखान्याचा ठोकळ्यांचा सेट: भाचीला घ्यावा का?

आत्याबाई (मंगळवार पेठ), शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. भाचीला पुढच्या महिन्यात सात पूर्ण होतील. परवा तिनं गल्लीतलं लंगडणारं मांजर उचलून घरात आणलं आणि माझ्या नव्या ओढणीचा काठ फाडून त्याच्या पायाला पट्टी बांधली. मांजरानं ती दहा मिनिटांत सोडवली, ओढणी गेली ती गेलीच. मोठेपणी जनावरांची डॉक्टर व्हायचं हे तिचं ठरलंय, म्हणून वाढदिवसाला तो दवाखान्याचा ठोकळे जोडायचा सेट घ्यावा असं डोक्यात आहे.

महाद्वार रोडला एका दुकानात दोन खोके बघितले. एक परदेशी, नावाजलेल्या कंपनीचा. दुसरा इथंच तयार झालेला, त्यावर आयएसआयची खूण आहे. चित्रं बघाल तर दोन्हींत दुमजली दवाखाना, एक डॉक्टरीण, कुत्रं, मांजर, ससा. किमतीत मात्र तिपटीचा फरक. दुकानदार म्हणतो, "ताई, दोन्ही एकच." पण दोन्ही विकायला तोच बसलाय, त्याचं काय ऐकायचं?

वहिनीचं म्हणणं असं की एवढ्या पैशात पोरीचे शाळेचे बूट नि रेनकोट येतो, आणि हे एकदा जोडलं की कपाटावर धूळ खाणार. मला तेच विचारायचंय. कुणाच्या घरी असा सेट आहे का? पहिल्या आठवड्यानंतर पोरं त्याला हात तरी लावतात का? स्वस्तातला नक्की कशात मार खातो? आणि घरात तिचा दोन वर्षांचा भाऊ आहे, दिसेल ते तोंडात घालतो, हेही सांगून ठेवते.


दोन पोरांची आई (कळंबा), शनिवार, रात्री १०.१५

आमच्याकडं आहे, स्वस्तातलाच, ऑनलाइन मागवलेला. पुस्तिकेत निळा आणि जांभळा इतका सारखा छापलाय की पोरगा खिडकीत जाऊन उजेडात धरून बघायचा. तीन तुकडे कमी निघाले. कळवलं तर म्हणाले, सगळा खोका परत पाठवा. तोवर पोरानं अर्धा दवाखाना उभा केलेला, तो मोडायला कोण तयार होतंय? शेवटी दाराच्या वरची पट्टी पुठ्ठ्याची लावली. अजून आहे तशीच.

स्टिकर पोरांना लावू देऊ नका, एवढं ऐका. आमच्यात एक्स-रेचं स्टिकर वाकडं बसलंय, त्यामुळं कुत्र्याचं हाड मोडलंय की स्टिकर, ते कळत नाही.


तांबडापांढरा, शनिवार, रात्री ११.०२

म्हैस आहे का त्यात? नसली तर कोल्हापुरात दवाखाना चालायचा नाही.


निवृत्त ढोरडॉक्टर (फुलेवाडी), रविवार, सकाळी ६.२०

म्हैस नाही. खोका उघडल्यावर मी पहिल्यांदा तीच शोधली. एकतीस वर्षं पन्हाळा, शाहूवाडी आणि शेवटी करवीर तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यांत काढली, त्यातली निम्मी म्हशीच्या मागच्या बाजूला उभं राहून. ज्या गावात माणसं गंगावेशीत कट्ट्यावर उभी राहून डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध पितात, दिवाळी पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं-कवड्या घालून त्या रस्त्यानं मिरवतात, तिथं कुत्रं-मांजर-सशाचा दवाखाना म्हणजे पाहुण्यांचा दवाखाना. असो. ताईंनी विचारलंय तर सविस्तर सांगतो, कारण हा सेट मी स्वतः बसून जोडलाय.

गेल्या मे महिन्यात नात पुण्याहून सुट्टीला आली. मुलानं तिच्याबरोबर खोका धाडला आणि फोनवर म्हणाला, "बाबा, तुमचाच दवाखाना आहे, दोघं मिळून बांधा." कंपनीचं नाव लिहीत नाही. जाहिरात नको नि बदनामीही नको. तीनशेच्या वर तुकडे, सहा पिशव्या आणि शंभरएक पानांची पुस्तिका, जिच्यात एक अक्षर नाही, नुसती चित्रं.

तीन दुपारी लागल्या. सोप्यात सतरंजी टाकून बसलो. पहिल्या दिवशी तुकडे फरशीवर ओतले आणि तासाभरात दोन कोचाखाली गेले. मग आमच्या हिनं पितळी परात आणून दिली. परातीत तुकडा हलला की आवाज येतो, हरवत नाही. ज्यांच्याकडं परात आहे त्यांनी हे जरूर करावं. (आमची परात अजून स्वयंपाकघरात परत गेलेली नाही, त्यावरून रोज बोलणी खातो.)

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी काळा आणि गडद करडा मला एकच दिसतो. त्यापायी अडतिसाव्या पायरीला एक पट्टी एक बटण अलीकडं बसली. बटण म्हणजे ठोकळ्यावरचा तो गोल उंचवटा, नातीचा शब्द. चूक कळली एकसष्टाव्या पायरीला, छप्पर बसेना तेव्हा. पोरीनं एक शब्द न बोलता वरचा मजला अलगद उचलून बाजूला ठेवला, खालचं उचकटलं, पट्टी सरकवली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही आता फक्त तुकडे शोधून द्या." म्हणजे निवृत्तीनंतर माझी परिचराच्या जागेवर बदली झाली.

आता दवाखान्याची तपासणी. खालच्या मजल्यावर नाव नोंदवायचा कट्टा, त्यामागं तपासणीचं टेबल, एक्स-रेचं यंत्र. वर आजारी जनावरं ठेवायचे दोन पिंजरे आणि डॉक्टरांची बसायची जागा. कट्ट्यावर कॉफीचं यंत्र आहे, बारीकसा कपही आहे. पण हात धुवायला नळ नाही! दोनदा पुस्तिका चाळली, कुठं चुकून राहिला का म्हणून. नाहीच. गावात कुणाच्या गोठ्यावर रात्री-अपरात्री गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "बादलीभर कढत पाणी, साबण आणि पंचा आणा." गाय आडली असेल, वासराचे पाय आत दुमडलेले असतील, तर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत घालायचा नाही. आणि इथं डॉक्टरीणबाई सशाला तपासून थेट कॉफी पिते. लस ठेवायला फ्रीजही नाही. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. आम्ही बर्फाचा थर्मास घेऊन मोटारसायकलवर घाट चढायचो. हे सगळं मी नातीला तिथल्या तिथं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि कपाचा नळ केला. एक करडा वाकडा तुकडा भिंतीला लावला, खाली कप. झालं बेसिन.

एक्स-रेवर माझा राग नाही, पण माझ्या कुठल्याच दवाखान्यात तो नव्हता. गाय आजारी म्हणून आणली की तिच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे फासळ्यांमागच्या खळगीवर, मूठ दाबून उभं राहायचं आणि घड्याळ बघायचं. पोट चालू असेल तर दोन मिनिटांत दोन-तीनदा मूठ आतून उचलली जाते. नुसती टम्म फुगलेली असेल, बोटानं टिचकी मारल्यावर नगाऱ्यासारखी वाजत असेल, तर पोटफुगी. नात हे ऐकून माझ्या पोटावर मूठ दाबून बसली. जेवण नुकतंच झालं होतं, तिला बरंच काही सापडलं.

थर्मामीटर आहे, पांढरा, नखाएवढा. तो डॉक्टरणीच्या हातात बसतो. "हा कुत्र्याच्या तोंडात घालायचा का?" असं नातीनं विचारलं. खरी जागा सांगितल्यावर ती पाच मिनिटं सतरंजीवर लोळत हसली. नंतर तिनं कुत्र्याला फिरवून उभं केलं आणि अगदी बरोबर जागेला थर्मामीटर टेकवून धरला. सेटमधला तो एकच प्रसंग शास्त्रोक्त होता म्हणायला हरकत नाही.

मला खरी खटकलेली गोष्ट दुसरीच. यातली जनावरं एकाच ठशाची, चारी पायांवर ताठ उभी. कुत्रं बसत नाही, आडवं होत नाही, मान वळवत नाही. आजारी जनावर ओळखायचं कशावरून? ते कसं उभं राहतंय, कुठल्या पायावर भार देत नाही, बसलं तर मान पोटाकडं वळवून बसलंय का, रवंथ करतंय का, नाकपुडी कोरडी आहे का, यावरून. दारातून आत येतानाच निम्मं निदान होतं. इथं पेशंट ठणठणीत आणि डॉक्टर हसतमुख, मग दवाखाना कशाला?

आता ताईंचा मुख्य प्रश्न, पहिल्या आठवड्यानंतर काय. पहिला आठवडा दवाखाना टीव्हीखालच्या फळीवर चित्रासारखा होता तसा राहिला. पोरगी रोज एकदा दार उघडून बंद करायची, एवढंच. मलाही वाटलं, झालं, पैसे गेले. तेवढ्यात कर्नाटकी बेंदूर आला. आम्ही शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून मातीची बैलजोडी आणली, दरवर्षी आणतो. पुजेनंतर बैल तिच्या ताब्यात. खेळता खेळता एकाचं शिंग मोडलं आणि ती त्याला घेऊन दवाखान्याच्या दाराशी आली. बैल आत जाईना. दार चार बटणांचं, बैल चार बोटांचा.

आमच्याकडं पेशंट मोठा असला तर डॉक्टर बाहेर येतो, पण तिला ते पटलं नाही. तिनं पुढची भिंत काढली. मग बाजूची काढली. तिसऱ्या दिवशी मी सकाळी फिरून आलो तर एक्स-रेचं यंत्र, कॉफीचा कट्टा, दोन्ही पिंजरे, सगळं परातीत, आणि अंगणाच्या जागी हिरव्या पट्टीवर चार खांब रोवलेले. "आजोबा, तुमच्या दवाखान्यात बैलाला कुठं धरायचा?" मी तिला खोडा सांगितला. दोन्ही बाजूंना आडवे दांडे, पुढं मानेची खाच, मागं एक दांडा सरकवायचा, म्हणजे जनावर मागं येत नाही नि लाथही लागत नाही. वहीत काढून दाखवला. तिनं पिंजऱ्यांचे गज आडवे लावून तो केला. मागचा दांडा सरकतो. मी तपासलाय.

मग शिंग. खऱ्या बैलाच्या शिंगाची खोळ निघते तेव्हा आतला भाग कच्चा, रक्ताळलेला असतो. ते पुसून त्यावर टिंक्चर बेंझॉइनमध्ये भिजवलेली पट्टी आवळून गुंडाळायची. सुकली की ती कडक होते आणि माशा बसत नाहीत. वास इतका उग्र की घरी गेल्यावर ही विचारायची नाही, थेट बंबाकडं बोट दाखवायची. नातीनं कापसाच्या वातीला फेविकॉल लावून गुंडाळलं. वाळल्यावर कडक झालं. पद्धत बरोबर आहे. कानाला पिवळा चौकोनी तुकडा चिकटवला, जनावराच्या ओळखीचा बिल्ला म्हणून. त्यावर बारा आकडे पाहिजेत असं मी म्हणालो, तर तिनं बॉलपेननं तीन ठिपके काढले नि बाकीचे दिसत नाहीत म्हणाली.

तेव्हा ताई, माझं मत: घ्या. पण खोक्यावरच्या चित्रासाठी घेऊ नका. तो दवाखाना आठवडाभराचा धनी. घेताना एवढंच बघा की सुटे ठोकळे, पट्ट्या, गज भरपूर आहेत का. एकाच कामाचे, ओतून काढलेले मोठे तुकडे जास्त असतील तर तो सेट मोडून दुसरं काही होत नाही. आणि चित्रावरून नळ शोधा.


उद्यमनगरचा, रविवार, दुपारी १.१०

डॉक्टरसाहेब, नाद खुळा. खोड्याचा फोटो टाका.

मी टूलरूमला आहे, उद्यमनगरात प्लास्टिकच्या साच्यांचं काम करतो, आणि घरात बायकोच्या शिव्या खात लेगो जमवतो. आत्याबाई, तुमचा दुकानदार म्हणतो दोन्ही एकच, त्यावर बोलतो. एकच नाही, आणि तिपटीचा फरक सगळा नावाचाही नाही.

दोन-बाय-चारचा, म्हणजे दोन ओळींत चार-चार बटणांचा, साधा ठोकळा घ्या. बटणं एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर, ठोकळ्याची उंची ९.६, पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक बसवल्या की एक ठोकळा. हे माप फिक्स. ठोकळा पकडतो कसा? वरच्या बटणांना खालच्या ठोकळ्याच्या भिंती आणि आतल्या पोकळ नळ्या यांच्यामध्ये किंचित दाबून. तो दाब मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा, खेळ आहे. एबीएस प्लास्टिक साच्यात थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. ठोकळा ३१.८ मिलिमीटर लांब, म्हणजे दीडशे-एकशेसाठ मायक्रॉनचा हिशोब साच्यातच आधी धरावा लागतो. साचा जुना झाला, त्यात थंड करायचं पाणी नीट फिरलं नाही, किंवा घाईत माल साच्यातून लवकर बाहेर काढला की माप हललं. मग एक ठोकळा इतका घट्ट की पोरगं दातानं काढतंय आणि दुसरा इतका सैल की दार उघडलं की भिंत हातात. स्वस्तातला मार खातो तो इथं. रंग, चित्रं, जनावरं यात फारसा फरक नसतो.

त्यामुळं दुकानात एक काम करा. नमुन्याचा जोडलेला सेट ठेवलेला असतो बहुतेक. दाराला चार-पाच वेळा उघडझाप करा, छप्पर एका कोपऱ्यानं उचला. सगळं छप्पर एकत्र उचललं गेलं तर ठीक. कोपराच हातात आला तर नमस्कार करून बाहेर या.

मूळ डॅनिश कंपनीनं, म्हणजे लेगोनं, सध्याच्या पद्धतीच्या, नळ्यावाल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो २८ जानेवारी १९५८ ला, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. एबीएस त्यांनी १९६३ पासून धरलं, त्याआधी सेल्युलोज ॲसिटेट होतं, ते कालांतरानं वाकायचं. माझ्यासारख्या साचेवाल्याला त्यांचं कौतुक त्या हसऱ्या बाहुल्यांचं नाही, सहा दशकं एकच माप धरून ठेवण्याचं आहे. त्यांच्या फ्रेंड्स मालिकेत २०१२ मध्ये, म्हणजे मालिका निघाली त्याच वर्षी, जनावरांचा दवाखाना होता, हार्टलेक व्हेट, ३४३ तुकड्यांचा. नंतरही पुन्हा पुन्हा नवे आले. या मालिकेतल्या बाहुल्यांचे दोन्ही पाय एकत्र हलतात, वेगवेगळे नाही, आणि मनगट फिरत नाही. तेवढं माहीत असू द्या, नाहीतर पोरगी पाय फिरवायला जाते.

डॉक्टरांनी सुट्या तुकड्यांचं सांगितलं त्यात एक आकडा टाकतो. एकाच रंगाचे दोन-बाय-चारचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात. सहा! तुमच्या वहिनींना सांगा, बुटांचा जोड एकाच प्रकारानं घालता येतो.

आयएसआयचं बरोबर बघितलंत. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडं विकायच्या खेळण्यांवर ती खूण सक्तीची आहे, परदेशातून आलेल्यांवरसुद्धा. त्यामुळं त्या खुणेनं रंग-प्लास्टिकची काळजी मिटते, पण ठोकळा घट्ट बसेल का, याची हमी ती देत नाही. ते दार उघडूनच बघायचं.


आत्याबाई (मंगळवार पेठ), रविवार, रात्री ८.३०

बाप रे, एवढं वाचून मलाच खेळावंसं वाटायला लागलंय. उद्यमनगरवाले, बुटांचं वाक्य वहिनीला वाचून दाखवलं. तिनं बघितलं फक्त.

डॉक्टर, धाकट्याचं काय करायचं ते सांगा. आणि नळ दोन्हींत नाही! मी संध्याकाळी परत जाऊन बघून आले. परदेशीवाल्यात एक निळी वाटी आहे, ती पाण्याची का खाण्याची कळत नाही.


निवृत्त ढोरडॉक्टर (फुलेवाडी), सोमवार, सकाळी ६.०५

धाकट्याबद्दल थट्टा नाही करत. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर रुंदीचं. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो त्या वयाला चालत नाही. ठोकळ्यांच्या सेटमधलं जवळजवळ सगळंच त्यात मावतं. थर्मामीटर, कप, कानाचा बिल्ला तर नक्कीच. खोक्यावर शून्य ते तीनवर फुली असलेलं चित्र असतं, ते शोभेचं नाही.

म्हशींच्या पोटातून मी काय काय काढलंय ते सांगितलं तर तुम्ही आजच घर झाडाल. जनावर चारा न चावता गिळतं, त्यातून खिळा, तारेचा तुकडा दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात जाऊन बसतो. तिथून पडदा भेदून थेट काळजाकडं सरकतो. सुरुवातीला म्हैस फक्त थोडी कमी खाते, उतारावरून जायला नको म्हणते, एवढंच दिसतं. पोरांचंही तसंच, गिळताना कुणी बघत नाही. आणि नाकात घातलेलं तर दोन दिवसांनी वास आल्यावर कळतं.

त्यामुळं परात उंच फळीवर, आणि खेळायची वेळ धाकटा झोपल्यावर. नातीच्या वेळी आमच्या शेजारचं बारकं यायचं, त्याला आम्ही कामाला लावलं होतं. मातीचा दुसरा बैल, न मोडलेला, त्याच्या ताब्यात. तो बैल म्हणजे रांगेतला पेशंट. तो सोप्याच्या उंबऱ्याबाहेर बैल धरून "डॉक्टर, डॉक्टर" करत बसायचा, आत यायची परवानगी नव्हती. पोरगं अर्धा तास बसायचं.

निळी वाटी पाण्याची समजा. हात धुवायला ती चालणार नाही.

खोड्याचा फोटो मागितलाय. नात गेल्यावर हिनं तो देवघरातल्या कोनाड्यात ठेवलाय, बैलासकट. आज काढतो.


तांबडापांढरा, सोमवार, सकाळी ९.४५

म्हणजे म्हैस नाहीच शेवटी.


दोन पोरांची आई (कळंबा), सोमवार, सकाळी ११.३०

आमच्या घरी काल नळ लावला. पुठ्ठ्याच्या दारावर आता स्ट्रॉचा नळ आहे. थँक्यू डॉक्टर, तुमच्यामुळं पोरगं रात्री दहापर्यंत झोपलं नाही.


आत्याबाई (मंगळवार पेठ), तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१५

सांगायचं राहिलं होतं. शेवटी इथला, आयएसआयवालाच घेतला. उद्यमनगरवाल्यांनी सांगितल्याप्रमाणं नमुन्याचं छप्पर एका कोपऱ्यानं उचललं. दुकानदार माझ्याकडं बघत राहिला, पण छप्पर अख्खं आलं हातात. वाचलेल्या पैशांत बूट आणि रेनकोटही झाला, त्यामुळं वहिनी सध्या गप्प आहे. एक तुकडा कमी निघाला, जिन्याची पायरी. दोन जास्तीचे निघाले, ते कशाचे कळलं नाही.

परात आमच्याकडं स्टीलची आहे, आवाज जास्त येतो. धाकटा झोपल्याशिवाय ती खाली येत नाही.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. वाढदिवसाला खोका उघडला, सगळे तुकडे परातीत ओतले, पुस्तिका पहिल्या पानावर उघडली. मी म्हटलं चला, सुरू करू. तर पोरगी उठली, देवघरासमोरचा बेंदराचा बैल घेऊन आली आणि माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला. मी तिला डॉक्टरांची गोष्ट सांगितली होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिनं दोरा बैलाच्या पोटापाशी आडवा धरला, गाठ मारली, मग शिंगांपाशी धरला, तिथं दुसरी गाठ. तो दोरा हिरव्या पट्टीवर आडवा ठेवून बटणं मोजली. शिंगांसकट नऊ आली. पुस्तिकेत दार चारचं आहे. ती म्हणाली, "आत्या, आधी दार करू. मग बाकीचं."

डॉक्टर, नऊ बटणांच्या दारावर वरून टाकायला एवढी लांब पट्टी खोक्यात नाही. दोन जोडून टाकल्या तर मधोमध वाकतात. काय करायचं?


उद्यमनगरचा, रविवार, रात्री ९.३२

दोन थर द्या. खालच्या थरातला जोड जिथं येतो तिथं वरच्या थरात अखंड पट्टी आली पाहिजे, विटांच्या भिंतीसारखं. दोन्ही बाजूंना कमीत कमी दोन-दोन बटणं धरू द्या. नाही वाकायचं.


निवृत्त ढोरडॉक्टर (फुलेवाडी), सोमवार, सकाळी ६.१०

दार कशाला, समोरची बाजू उघडीच ठेवा. वर पत्रा, खाली चार खांब. माझा शाहूवाडीचा दवाखाना तसाच होता. फक्त पाऊस दक्षिणेकडून मारायचा, तेवढी एक भिंत द्या.